कळतं, पण वळत नाही

मैत्रिणींनो, संत म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एक शांत चेहरा उभा राहतो. मिटलेले डोळे, डोक्यामागे तेजाचं वलय. या माणसाला जन्मात कधी मोह झाला नसेल, कधी मत्सर वाटला नसेल, असं आपण धरूनच चालतो. आज ज्यांच्याविषयी लिहायचंय ते संत ऑगस्टिन या तसबिरीत मावत नाहीत. चांगलं काय, वाईट काय हे त्यांना बऱ्यापैकी लवकर कळलं. वळायला मात्र वयाची तिशी उलटावी लागली. आणि हे त्यांच्या कुणा वैऱ्याने लिहिलेलं नाही बरं का! त्यांनी स्वतःच लिहून ठेवलं, तेही बिशप झाल्यावर, चारचौघांत मान मिळायला लागल्यावर.

त्या पुस्तकाचं नाव 'कन्फेशन्स', म्हणजे कबुली. साधारण इ.स. 397 ते 400 या काळात त्यांनी ते लॅटिन भाषेत लिहिलं. सगळं पुस्तक देवाशी बोलल्यासारखं आहे. बी.ए.ला आम्हाला तत्त्वज्ञान होतं, त्यात ऑगस्टिन चार ओळींत उरकले होते. माणूस म्हणून ते मला भेटले फार पुढे, आणि भेटले ते त्यांच्या आईमुळे. म्हणून आधी आईचंच सांगते.

मोनिका ख्रिस्ती घरात वाढलेली. लहानपणी घरच्या पिंपातून वाइन काढून आणायचं काम तिच्याकडे असे. आणता आणता ती नुसते ओठ लावून बघायची. चवीची आवड नव्हतीच, पोरवयातली खोडी! पण रोज एक घोट, मग दोन, असं करत करत पोरगी पेलेच्या पेले रिचवायला लागली. एक दिवस सोबतच्या दासीशी तिचं भांडण जुंपलं आणि दासीने तिला तोंडावर बेवडी म्हटलं. शब्द असा काही झोंबला की मोनिकाने ती सवय तिथल्या तिथे सोडली. दासीला काही तिचं भलं करायचं नव्हतं, टोचायचंच होतं. आईची ही गोष्ट दुसऱ्या कुठल्याही मुलाने झाकून ठेवली असती. ऑगस्टिननी ती लिहिली.

मोनिकाचं लग्न थागास्ते गावच्या पॅट्रिशियसशी झालं. हे गाव आज अल्जेरिया देशात आहे, त्याचं आताचं नाव सूक अहरास. तेव्हा तिथे रोमन साम्राज्य होतं. नवरा ख्रिस्ती नव्हता, तापट होता आणि बाहेरख्यालीही. गावातल्या कितीतरी बायकांच्या तोंडावर नवऱ्याच्या माराचे वळ असायचे. मोनिकाला मार बसला नाही, कारण तो रागात असला की ती उलट बोलत नसे, आणि मैत्रिणींनाही ती तसंच शिकवायची. लेकाने हे मोठ्या कौतुकाने लिहिलंय. मला ते कौतुक पटत नाही. आमच्याकडे मार खाऊन येणाऱ्या बाईला मी गप्प बस असं कधीच सांगणार नाही. पण सोळाशे वर्षांपूर्वीच्या त्या बाईपाशी ना पोलीस ठाणं होतं ना कायदा. असो.

13 नोव्हेंबर 354 रोजी ऑगस्टिनचा जन्म झाला. पोरगा भलताच हुशार. वडिलांनी ऐपतीबाहेर खर्च करून त्याला शेजारच्या गावी शिकायला ठेवलं. सोळाव्या वर्षी पैसे संपले आणि स्वारी वर्षभर घरी बसली. रिकामं डोकं! घराच्या द्राक्षमळ्याजवळ कुणाचं तरी नासपतीचं झाड होतं. एका रात्री मित्रांच्या टोळक्याने ते पार ओरबाडून काढलं. फळं धड चवीचीही नव्हती. याहून चांगली त्याच्या घरी होती. थोडी चाखली आणि बाकी सगळी डुकरांना टाकली.

आता आपल्यापैकी कुणाच्या भावाने लहानपणी परक्याच्या आंब्याला दगड मारला नाही? पण ऑगस्टिननी या चोरीवर पानंच्या पानं लिहिलीत. भूक नव्हती, गरज नव्हती, मग का केलं? त्यांचं उत्तर असं की, मनाई होती म्हणूनच गोडी होती. आणि एकटा असतो तर केलं नसतं, सोबत्यांसमोर मागे राहायची लाज वाटली. मला आधी वाटलं, केवढा हा बाऊ! मग लक्षात आलं की त्यांना नासपतीचं काही नव्हतंच. माणूस वाईट वागतो ते दर वेळी नाइलाजाने नव्हे, कधीकधी त्याला ते आवडतं म्हणून, हे त्यांना पकडायचं होतं.

सतराव्या वर्षी गावातल्या एका धनिकाच्या मदतीने तो कार्थेजला गेला. मोठं शहर, नाटकं, मित्र. त्याच सुमारास वडील वारले. आणि तिथेच त्याच्या आयुष्यात एक बाई आली. लग्न झालं नाही. ती खालच्या थरातली असावी आणि अशा बाईशी लग्न म्हणजे करिअरला खीळ, हा तिथला रिवाज. आपल्याकडे अशा बाईला जे शब्द आहेत ते मला इथे लिहावेसे वाटत नाहीत. कारण ती चौदा-पंधरा वर्षं त्याच्यासोबत राहिली आणि तोही तिच्याशी एकनिष्ठ राहिला. 372च्या सुमारास त्यांना मुलगा झाला. नाव ठेवलं अदेओदातुस, म्हणजे देवाने दिलेला. आपला देवदत्तच की!

एकोणिसाव्या वर्षी सिसेरोचं एक पुस्तक त्याच्या हाती पडलं आणि ज्ञानाची ओढ लागली. बायबल उघडून पाहिलं, तर त्याची भाषा या पंडिताला अगदीच गावंढळ वाटली. मग तो मानी नावाच्या इराणी प्रवर्तकाच्या पंथात शिरला. या पंथाचं म्हणणं असं की, जगात प्रकाश आणि अंधार अशा दोन शक्ती आहेत आणि माणसाच्या आतही त्या दोन्ही आहेत. म्हणजे पाप घडलं तर ते मी केलं नाही, माझ्यातल्या अंधाराने केलं. किती सोयीचं! पुढे ऑगस्टिननीच मान्य केलंय की, दोषी आपण नाही ही कल्पना त्यांना सुखाची वाटत होती. दारू उतरल्यावर हात जोडून बसलेले नवरे मी पुष्कळ पाहिलेत. मी नाही हो ताई, दारूने मारलं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मानी पंथाचं त्यांनी नावही ऐकलेलं नसतं, पण तत्त्वज्ञान तेच!

त्या पंथात तो नऊ वर्षं होता. मनात मात्र चैन नव्हतं. देवाकडे तो ब्रह्मचर्य मागायचा, आणि देव लगेच ऐकेल की काय या धास्तीने एवढ्यात नको असंही मनोमन म्हणायचा. उपवासाच्या आदल्या रात्री डब्यातले लाडू संपवणाऱ्या आपल्यासारख्यांना हे समजायला जड जाऊ नये.

मोनिकाने आधी तर लेकाला घरात घ्यायचं नाकारलं. पुढे घेतलं, पण रडणं थांबेना. एका बिशपकडे तिने धोशाच लावला की, तुम्ही माझ्या मुलाशी बोला. ते स्वतः लहानपणी त्याच पंथात वाढलेले. आता बोलून उपयोग नाही, तो वाचता वाचता आपणच बाहेर येईल, आणि इतकं रडलेल्या आईचा मुलगा वाया जायचा नाही, अशी त्यांनी तिची बोळवण केली. 383 मध्ये ऑगस्टिन रोमला निघाला, तर ही बंदरापर्यंत मागे. मित्राला निरोप द्यायला आलोय अशी थाप मारून त्याने तिला जवळच्या प्रार्थनामंदिरात रात्र काढायला लावली आणि त्याच रात्री जहाजात बसून पसार झाला. सकाळी किनाऱ्यावर एकटी आई. पुढे ती बाई समुद्र ओलांडून त्याच्यामागे इटलीत आली, हे वेगळं सांगायला नकोच.

रोमहून तो 384 मध्ये मिलानला गेला. सरकारी मानाची नोकरी, वक्तृत्वकला शिकवायची. तिथले बिशप अँब्रोज उत्तम बोलायचे. ऑगस्टिन गेला त्यांची शैली ऐकायला आणि अडकला अर्थात. हळूहळू सगळ्या शंका फिटत गेल्या, मानी पंथ मागे पडला. बुद्धीने हा माणूस आता ख्रिस्ती झालाच होता. तरी बाप्तिस्मा घेईना! कारण त्याच्या दृष्टीने त्या वाटेवर पूर्ण चालायचं तर स्त्रीसंग सोडायचा, आणि ते त्याला जमणारं नव्हतं.

याच काळात जे घडलं ते वाचून मी पुस्तक दोन दिवस मिटून ठेवलं. चांगल्या घरची मुलगी बघून त्याचं लग्न ठरलं. मोनिकाचा यात पुढाकार होता. मुलगी लग्नाच्या वयाला दोन वर्षं कमी होती, आणि मुलींचं लग्नाचं वय रोमन कायद्याने बारा! म्हणजे दहा-एक वर्षांची पोर. लग्नाला अडचण नको म्हणून इतक्या वर्षांच्या सोबतिणीला आफ्रिकेत परत पाठवलं. जाताना तिने शपथ घेतली की, आता दुसरा पुरुष नाही. मुलाला ती बापाकडे ठेवून गेली. ठेवून गेली की ठेवावं लागलं?

ऑगस्टिन लिहितात की काळीज फाटलं, जखम भळभळत राहिली. आणि त्याच दमात लिहितात की दोन वर्षं थांबवेना म्हणून मी दुसरी बाई ठेवली. एका बाईने जे केलं ते मला जमलं नाही, हेही त्यांनी कबूल केलंय. त्या सगळ्या घरात मन ताब्यात ठेवणारी एकच होती, आणि तिलाच बाहेर काढलं. पुस्तकात तिचं नाव कुठेच नाही. कुणी म्हणतात, तिला बोल लागू नये म्हणून त्यांनी नाव लिहिलं नाही. असेलही. पण मोनिकाला ती कधी सून वाटली का, नातवाला आईशिवाय झोपवताना आजीला काय वाटलं, हे प्रश्न माझ्या मनातून जात नाहीत.

ऑगस्ट 386. आफ्रिकेतला एक ओळखीचा अधिकारी घरी आला आणि सहज बोलता बोलता त्याने इजिप्तच्या अँटनी नावाच्या तपस्व्याची गोष्ट सांगितली. ती ऐकून सर्वस्व सोडलेल्या दोन साध्या नोकरदारांचीही. तो गेला आणि ऑगस्टिनचा बांध फुटला. अडाणी माणसं पुढे गेली आणि आपण विद्या घेऊन चिखलात लोळतोय! मित्र अलिपियसला घेऊन तो घरामागच्या बागेत गेला. केस उपटतोय, कपाळ बडवतोय.

त्या बागेतल्या घालमेलीचं जे वर्णन त्यांनी केलंय ते मला सगळ्या पुस्तकात मोलाचं वाटतं. ते म्हणतात त्याचा भावार्थ असा. मन हाताला सांगतं हल, हात तत्काळ हलतो. तेच मन स्वतःला सांगतं की हे सोड, आणि ते सुटत नाही. असं का? कारण सांगणारं मन पुरतं सांगतच नसतं. अर्धं सांगतं, अर्धं हळूच मागे ओढतं. आणि ही दोन वेगळी मनं नव्हेत, एक प्रकाशाचं नि एक अंधाराचं असं नव्हे. चांगलं हवं असणाराही मीच आणि वाईटाला घट्ट धरून बसलेलाही मीच. वासनेला होकार दिला की सवय होते, सवय मोडली नाही की ती गरज होऊन बसते, अशी ती साखळी. जुन्या सवयी त्याचा पदर धरून विचारत होत्या, खरंच सोडून चाललास? सेंट पौलांनी रोमकरांना लिहिलेल्या पत्रातही हाच झगडा आहे. आपण षड्रिपू म्हणतो तेही आतलेच. आपल्या तुकोबांनीही मनाशी किती भांडणं केली!

तो झाडाखाली पडून रडत होता. उद्या, उद्या असं किती दिवस? तेवढ्यात शेजारच्या घरातून लहान मुलाचा आवाज आला, गाण्यासारखा. घे आणि वाच असं काहीसं ते मूल घोळवत होतं. मुलगा की मुलगी तेही कळेना. ऑगस्टिनला तो देवाचा सांगावा वाटला. त्याने पौलांच्या पत्रांचं पुस्तक उघडलं. समोर आलेल्या भागात चैनबाजी, मद्य, भोग, भांडणं टाकून ख्रिस्ताला पांघरण्याविषयी सांगितलं होतं. पुढे वाचायची गरज उरली नाही. आत जाऊन दोघांनी पहिल्यांदा मोनिकाला सांगितलं.

नोकरी सुटली, ठरलेलं लग्नही मोडलं. त्या छोट्या मुलीचं पुढे काय झालं कोण जाणे. 387 च्या ईस्टरच्या रात्री अँब्रोज यांच्या हातून ऑगस्टिन, अलिपियस आणि पंधरा वर्षांचा अदेओदातुस या तिघांनी बाप्तिस्मा घेतला. परतीच्या वाटेवर ऑस्तिया बंदरात मोनिका तापाने आजारी पडली आणि काही दिवसांत गेली. वय 56. गावी नवऱ्याशेजारी तिने आपली जागा कधीची ठरवून ठेवली होती, पण शेवटी म्हणाली की मला कुठेही पुरा, फक्त प्रार्थनेत आठवण ठेवा. ऑगस्टिननी लोकांसमोर डोळ्यांतून टिपूस काढला नाही. मन हलकं व्हावं म्हणून अंघोळ करून आले, तरी होईना. रात्री एकटे असताना मात्र पोटभर रडले. दोन-तीन वर्षांत अदेओदातुसही गेला. त्याच्या बुद्धीचा बापाला अचंबा वाटायचा.

जुन्या गोव्याला सहलीला गेलेल्या मैत्रिणींनी तांबड्या जांभा दगडाचा एक उंच, अर्धा ढासळलेला मनोरा पाहिला असेल. तो ऑगस्टिन यांच्या नावाने चालणाऱ्या पंथाच्या चर्चचा. त्याची मोठी घंटा आता पणजीच्या चर्चमध्ये आहे. आणि जवळच सांता मोनिका, 1627 मध्ये पूर्ण झालेला जोगिणींचा प्रचंड मठ. आई आणि मुलगा इतक्या दूर येऊनही शेजारी शेजारी! तिसरीच्या नावाने जगात कुठे एक दगडही नसणार, कारण नावच माहीत नाही.

391 मध्ये हिप्पो गावात लोकांनी ऑगस्टिन यांना जवळजवळ बळेच धर्मगुरू केलं. चार-पाच वर्षांत ते बिशप झाले आणि मरेपर्यंत तिथेच राहिले. इथे दुसऱ्या कुणी गोष्ट संपवली असती. बाप्तिस्मा झाला, पाप गेलं, आनंदीआनंद! ऑगस्टिन मात्र 'कन्फेशन्स'च्या दहाव्या भागात बिशप असतानाची स्वतःची झडती घेतात. जागेपणी जे सुटलं ते स्वप्नात येतं, आणि स्वप्नात आपण होकार देतो. जेवण औषधासारखं घ्यायला बसावं, तर भूक कुठे संपली आणि जिभेचे चोचले कुठे सुरू झाले ते कळत नाही. प्रार्थनेतलं गाणं ऐकताना शब्दांपेक्षा गळाच जास्त भावतो. घरात बसलं तरी पाल माश्या कशी पकडते हे बघत वेळ जातो. आणि कुणी स्तुती केली की आत गुदगुल्या होतात. नम्रतेबद्दल स्तुती झाली तरी होतात! हे वाचताना मी एकटीच हसले. महिला मंडळाचं कुठलंही काम करणाऱ्या बाईला ही शेवटची गोष्ट चांगली ठाऊक असते.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. वेगळ्या मताच्या ख्रिस्ती लोकांवर सरकारी बळ वापरायला त्यांनी संमती दिली. वासनेकडे बघायची त्यांची करडी नजर पुढे चर्चमध्ये शतकानुशतकं राहिली आणि तिची झळ बायकांना जास्त लागली. पण 410 मध्ये रोम लुटलं गेलं तेव्हा तिथल्या कितीतरी बायकांवर अत्याचार झाले, आणि लोक त्यांच्याकडेच बोट दाखवू लागले. तेव्हा 'सिटी ऑफ गॉड' या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच ऑगस्टिननी त्यांची बाजू घेतली. मनाची संमती नसेल तर शील जात नाही, पाप करणाऱ्याचं, सोसणारीचं नव्हे, तिने जीव द्यायचं कारण नाही, असं त्यांनी ठासून लिहिलं. त्या प्रकरणातही एक-दोन ठिकाणी खटकतं, त्या बायकांनाच मनातला गर्व तपासायला ते सांगतात. तरी पंधराशेहून जास्त वर्षांपूर्वी एका बिशपने हे लिहावं! पाप कुठे राहतं हे ज्याने बागेत रडून शोधलं होतं, त्याला ते शरीरात नाही, होकारात आहे, हे कळलं होतं.

430 मध्ये व्हँडल टोळ्यांनी हिप्पोला वेढा घातला. गावात निर्वासितांची गर्दी, आणि 75 वर्षांचे ऑगस्टिन तापाने अंथरुणावर. दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं त्यांनी कागदांवर उतरवून घेतली आणि पलंगासमोरच्या भिंतीवर लावायला सांगितली. पडल्या पडल्या ते ती वाचायचे आणि रडायचे. शेवटचे दहा-एक दिवस वैद्य आणि जेवण आणणारा सोडून कुणी आत यायचं नाही असं सांगून ठेवलं होतं. 28 ऑगस्टला ते गेले. मृत्युपत्र केलं नव्हतं, कारण स्वतःचं काही नव्हतंच. फक्त पुस्तकं नीट सांभाळा, एवढं सांगून गेले. पुढे हिप्पो गाव जळालं. पुस्तकं मात्र वाचली.